मतदार यादी, गावाची वेस आणि बंदूक : एकाच मालकीच्या तीन पावत्या

मागच्या महिन्यात अलोरे येथे आमची नेहमीची वाचन बैठक होती. विषय होता संविधान सभेतील चर्चा. पण एका तरुण सहकाऱ्याने मोबाईल पुढे केला आणि विषय अमेरिकेकडे वळला. तिथला एक कॉन्झर्व्हेटिव्ह पुढारी तीन गोष्टी ठणकावून सांगत होता : निवडणूक फक्त खऱ्या नागरिकांची, घुसखोरांना बेड्या घालून हाकला, आणि आमच्या बंदुकीला सरकारने हात लावायचा नाही. आमचा सहकारी म्हणाला, "दादा, यात चूक काय आहे? बोगस मतदान नको, घुसखोर नको, आणि बंदूक तर आपल्यालाच जास्त हवी. मार आपणच खातो ना?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आज आपल्या वाड्या-वस्त्यांतले कितीतरी तरुण असा विचार करतात. म्हणून आम्ही ठरवले की याचे उत्तर इतिहासातून द्यायचे, आणि तोही आपल्या पायाखालच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या इतिहासातून.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. मत कुणाला, देश कुणाचा आणि शस्त्र कुणाच्या हातात, हे तीन प्रश्न वेगळे दिसतात. पण प्रतिगामी माणूस तिन्हींचे उत्तर एकच देतो. ज्याच्याकडे आधीपासून आहे त्याचेच. अमेरिकेत तो गोरा मळेवाला होता, कोकणात तो खोत होता.

आधी मत

अलोऱ्याहून कराड रस्त्याने खाली उतरले की चिपळूण. एप्रिल १९२९ मध्ये याच चिपळूणला रत्नागिरी जिल्ह्याची बहिष्कृत परिषद भरली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. खोती नष्ट झाली पाहिजे, हा तिथला मुख्य सूर. खोती म्हणजे काय हे आजच्या पोरांना सांगावे लागते. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला खोत सारा गोळा करी, वर आपला वाटा काढी, वेठ घेई. कूळ कुणब्याचे असो की महाराचे, जमीन कसायची त्याने आणि कागदावर नाव खोताचे.

आता याचा मताशी संबंध बघा. १९१९ च्या सुधारणांनी कायदेमंडळासाठी जो मताधिकार दिला तो मालमत्ता, सारा, कर यांवर बेतलेला होता. ज्या मुलखात साऱ्याच्या कागदावर नावच खोताचे, तिथे बहुतेक कुळे आणि सगळे भूमिहीन मतदार यादीच्या बाहेर. म्हणजे जमिनीची मालकी आणि मताची मालकी एकाच घरात.

त्या काळच्या पुढाऱ्यांना यात काही खुपत होते का? १९१७ साली अथणीच्या सभेत लोकमान्य टिळकांनी कुणब्याला कायदेमंडळात जाऊन काय नांगर धरायचा आहे, शिंप्याला काय शिवायचे आहे, अशा अर्थाची टिंगल केली. बाबासाहेबांनीही पुढे आपल्या लेखनात टिळकांच्या या वृत्तीचा समाचार घेतला. हे टिळक आपल्याच रत्नागिरीचे. इंग्रजाकडून स्वराज्य मागताना ते निर्भय होते, पण ते स्वराज्य खालच्या पायरीपर्यंत उतरण्याची वेळ आली की त्यांची जीभ जातीची झाली. प्रतिगामी विचार नेहमी इंग्रजधार्जिणाच असतो असे नाही, तो देशभक्तीच्या पोशाखातही येतो.

त्याहीआधीची गोष्ट सांगतो. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर. लष्करातून १८८६ साली निवृत्त झाले. १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहून त्यांनी अस्पृश्यतेवर प्रश्नांची सरबत्ती केली. पुढे सरकारने त्यांची महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक केली, तेव्हा सवर्ण सभासदांना ती सहन झाली नाही, त्यांनी विरोध केला. बोर्डाचे काम काय, तर रस्ते, शाळा, विहिरी. तेवढ्या कामाच्या टेबलाशीसुद्धा एक महार बसलेला चालत नव्हता.

बाबासाहेबांनी याला तोड काय काढली? १९१९ च्या जानेवारीत साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन त्यांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणा आणि स्वतंत्र प्रतिनिधित्व द्या अशी मागणी केली. दहा वर्षांनी ते थेट प्रौढ मताधिकारावर आले. सायमन कमिशनला जोडलेल्या मुंबई प्रांतिक समितीचे ते सभासद होते. इतरांचा अहवाल त्यांना पटला नाही म्हणून १७ मे १९२९ रोजी त्यांनी आपला स्वतंत्र अहवाल दिला. चिपळूणच्या परिषदेला जेमतेम महिना झाला होता! त्या अहवालात त्यांनी सांगितले की निरक्षर म्हणजे बुद्धिहीन नव्हे, आणि ज्याच्या हातात काही नाही त्यालाच मताची गरज सर्वांत जास्त आहे.

मताचा उपयोग काय होतो तेही कोकणाने दाखवले. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे केले, त्यांतले बहुतेक निवडून आले. अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर यांच्यासारखे बिगर-अस्पृश्य कार्यकर्तेही त्यात होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्या मोर्चात कोकणातले कुणबी आणि महार खांद्याला खांदा लावून होते. विधेयक तेव्हा पास झाले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने. पण लक्षात घ्या, खोताच्या विरोधात कायदेमंडळात कागद ठेवला गेला तो मतपेटीच्या वाटेने.

वेस : आतला कोण, बाहेरचा कोण

आता दुसरा मुद्दा, घुसखोरांचा.

आपल्या माणसाला वेस काय असते हे सांगायची गरज नाही. पिढ्यानपिढ्या आपण गावात राहून गावाबाहेर होतो. १९१७ साली बडोद्यात नोकरीला गेलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहिले, ओळख उघडी पडली तशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. हीच ती हद्दपारी. नोटीस नाही, सुनावणी नाही, जमाव हाच अंमलबजावणी अधिकारी.

शिवाय आपला जिल्हा म्हणजे परगावी जाणाऱ्यांचा जिल्हा. मुंबईच्या गिरण्यांना सर्वांत जास्त कामगार पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरीचे नाव वर. एकोणिसाव्या शतकात इथली माणसे मजूर म्हणून मॉरिशसपर्यंत गेली. आणि खुद्द अलोरे? कोयना प्रकल्पाची वसाहत झाली तेव्हा इथे कुठून कुठून लोक कामाला आले. पोफळीच्या बोगद्यांत, कोळकेवाडीच्या धरणावर राबलेल्या हातांना कुणी विचारले नाही की तुझा आजा कुठला. वर कोयनेच्या खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली आणि तिथली माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरली. ज्या मातीत निम्मा गाव चाकरमानी आणि शेजार प्रकल्पग्रस्तांचा, त्या मातीतल्या पोराने 'बाहेरचा' हा शब्द तोंडातून काढण्याआधी दोनदा विचार करावा.

पण आमच्या युक्तिवादाचा पाया भावनेवर नाही, नोंदीवर आहे. संविधान सभेत ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वावर मोठी चर्चा झाली. मसुदा समितीला सर्वाधिक डोकेदुखी झालेल्या कलमांपैकी हे एक, असे बाबासाहेबांनीच सांगितले. तिथे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी दुरुस्ती मांडली : जगात कुठेही राहणारा हिंदू किंवा शीख, जर तो दुसऱ्या देशाचा नागरिक नसेल, तर त्याला भारताचे नागरिकत्व मिळावे. आपले नागरिकत्व फार स्वस्त होत आहे, ही त्यांची तक्रार.

पंजाबराव म्हणजे कुणी कर्मठ भट नव्हेत. बहुजनांच्या शिक्षणासाठी आयुष्य घालवलेला माणूस. अमरावतीच्या अंबादेवी मंदिर सत्याग्रहात अस्पृश्यांच्या बाजूने उभा राहिलेला माणूस. त्यांच्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण नागरिकत्वाच्या प्रश्नावर त्यांनी धर्माचा गज घेतला, आणि संविधान सभेने तो नाकारला. हे सांगायचे कारण, प्रतिगामी विचार कुणा एका जातीच्या रक्तात नसतो, तो चांगल्या माणसाच्या मनातही शिरतो. तो उद्या आपल्या मनातही शिरू शकतो. सत्तर वर्षांनी, डिसेंबर २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने नागरिकत्वात धर्माची ती अट दुसऱ्या रूपात आलीच.

त्याच वर्षीची, १५ जून १९४९ ची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ती प्रत्येक आंबेडकरी कार्यकर्त्याने पाठ करावी. आधीच्या मसुद्यात प्रांतांसाठी वेगवेगळे निवडणूक आयोग होते. बाबासाहेबांनी तो बेत बदलून साऱ्या देशासाठी एकच स्वतंत्र आयोग आणला. कारण काय दिले? काही प्रांतांतली सरकारे आपल्या वंशाच्या, भाषेच्या किंवा संस्कृतीच्या नसलेल्या लोकांची नावे मतदार यादीत येऊच नयेत अशी व्यवस्था करत आहेत, असे अहवाल मसुदा समितीकडे आले होते. ते थांबवण्यासाठी हा आयोग.

म्हणजे निवडणूक आयोगाच्या जन्माचे एक मोठे कारण बोगस नावे काढणे हे नव्हते. खऱ्या माणसांची नावे गाळली जाऊ नयेत, हे ते कारण होते!

याचा अनुभव महाराष्ट्राने पुढे घेतलाच. नव्वदच्या दशकात मुंबई-दिल्लीच्या झोपडपट्ट्यांतल्या मतदारांना परकीय ठरवून नोटिसा आल्या. १९९५ साली लालबाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आधीच्या यादीत ज्याचे नाव आहे त्याला नुसत्या पोलीस अहवालावरून काढता येणार नाही. त्याला नोटीस द्या, त्याचे ऐका, त्याचा पुरावा बघा. तरीही १९९८ साली, युती सरकारच्या काळात, मुंबईतून बंगाली बोलणाऱ्या गरीब मुसलमानांना बांगलादेशी ठरवून रेल्वेने पाठवले गेले आणि पश्चिम बंगालमध्ये लोकांनी गाडी अडवली, कारण त्यांच्या दृष्टीने ही माणसे तिथलीच होती. २०२५ मध्ये बिहारच्या विशेष पुनरीक्षणात पहिल्या मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावे बाहेर राहिली. त्यांत मयत, दुबार नावे असतील, नाही कोण म्हणतो? पण कागद सापडला नाही म्हणून कोण राहिले असेल, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधत तहसील, शाळा, ग्रामपंचायत पालथी घातली नाही असे आपले एक तरी घर आहे का? ज्याच्या आज्याचे नाव सातबारावर कधी चढलेच नाही, ज्याला शाळेने दाखल करून घेतले नाही, त्याच्याकडे तीन पिढ्यांचे कागद मागणे म्हणजे अन्याय करणाऱ्याकडूनच अन्यायाचा दाखला आणायला लावणे.

देशाला सीमा असावी, यादी शुद्ध असावी, याला आमचा विरोध नाही. बाबासाहेब कायदामंत्री होते, अराजकवादी नव्हते. आमचा आग्रह एवढाच, की सिद्ध करण्याचा बोजा दुबळ्याच्या डोक्यावर टाकू नका आणि सुनावणीशिवाय कुणाला वेशीबाहेर काढू नका.

अमेरिकेचे कौतुक करणाऱ्यांसाठी दोन नोंदी. १९२३ साली भगतसिंग थिंड हे अमेरिकी लष्करात नोकरी केलेले गृहस्थ तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेले. नागरिकत्व तेव्हा 'गोऱ्यां'ना मिळे. थिंड यांच्या बाजूने मांडणी झाली की ते उच्च जातीचे, आर्य रक्ताचे आहेत, म्हणून गोरेच. न्यायालयाने ऐकले नाही. जातीचा दाखला अटलांटिकपलीकडे चालला नाही! आणि ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय हातापायांत बेड्या घालून अमृतसरला उतरवले गेले. त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते. जे इथे 'घुसखोरांना हाकला' म्हणून ओरडतात, त्यांच्याही शेजारचे कुणी त्या विमानात असू शकते.

आणि शेवटी बंदूक

आमच्या सहकाऱ्याचा तिसरा मुद्दा सर्वांत बोचरा होता. मार आपणच खातो, मग बंदूक आपल्याला का नको?

कोकणातल्या महारांचा शस्त्राशी जुना संबंध आहे. कंपनीच्या मुंबई सैन्यात ते मोठ्या संख्येने होते. भीमा कोरेगावच्या स्तंभावरची 'नाक' प्रत्यय असलेली नावे त्याची साक्ष. बाबासाहेबांचे घराणे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे, वडील सुभेदार. दापोलीला लष्करी पेन्शनरांची वस्ती होती. फौजेने या लोकांना पगार दिला, शाळा दिली, ताठ मान दिली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सर्वसामान्य भारतीयाचे हत्यार परवान्याखाली गेले, आणि १८९० नंतरच्या काही वर्षांत अस्पृश्यांची लष्करभरतीही बंद झाली. 'लढाऊ जाती'चे खूळ. वलंगकरांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, गरज सरताच काही वर्षांत मोडली. पुन्हा १९४१ मध्ये, बाबासाहेबांच्या प्रयत्नांनंतर, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

मग बाबासाहेबांनी संविधानात शस्त्राचा मूलभूत हक्क घातला असेल? नाही. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली होती. आधार होता काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावाचा, ज्यात शस्त्र बाळगण्याचा हक्क खरोखरच होता. बाबासाहेबांनी विरोध केला. जो तो बाजारात जाऊन मारायची साधने विकत घेऊ लागला तर राज्य चालायचे कसे, असा त्यांचा सवाल होता. आणि आग्रह धरायचा तर शस्त्र धरण्याच्या हक्काचा नव्हे, देशासाठी ते धरण्याच्या कर्तव्याचा धरा, असे त्यांनी सुचवले. दुरुस्ती फेटाळली गेली.

यात विसंगती आहे का? अजिबात नाही. फौजेत भरती मागणे म्हणजे राज्याच्या ताकदीत आपला वाटा मागणे. बाजारातली बंदूक म्हणजे ज्याच्या खिशात पैसा आणि ज्याच्या ओळखीचा अधिकारी, त्याची ताकद. विषम समाजात बंदुकीचा 'सर्वांना समान' हक्क दिला की ती पहिली जाते वाड्यावर, आणि वस्तीच्या वाट्याला तिची नळी येते.

अमेरिकेचा इतिहास हेच सांगतो. शस्त्राची दुरुस्ती १७९१ ची. पण १८६५ नंतर गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसाने बंदूक बाळगू नये म्हणून मिसिसिपीसारख्या राज्यांनी कायदे केले. २ मे १९६७ रोजी ब्लॅक पँथरचे कार्यकर्ते बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधान भवनात गेले. त्याच वर्षी तिथे उघड्यावर भरलेली बंदूक बाळगण्यावर बंदी आली, आणि तिच्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन, कॉन्झर्व्हेटिव्हांचे दैवत! याच ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली.

आपल्याकडे ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० जण गेले. त्या दिवशी वस्तीत परवान्याच्या दहा बंदुका असत्या तर काय झाले असते? मृतांचा आकडा वाढला असता आणि गोळी झाडणाऱ्याला सबब मिळाली असती. एवढेच.

पण म्हणून आपण निमूट मार खायचा असे कायदाही म्हणत नाही. ॲट्रॉसिटी कायद्याखालच्या १९९५ च्या नियमांतला नियम ३ वाचा. अत्याचारप्रवण भागात राज्य सरकारने गरज वाटल्यास बिगर-अनुसूचित लोकांचे शस्त्र परवाने रद्द करायचे, बेकायदा हत्यारे जप्त करायची, आणि गरज असेल तर अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना संरक्षणासाठी परवाने द्यायचे. या नियमाचा रोख बघा. आधी सबळाची बंदूक काढा, मग दुबळ्याच्या संरक्षणाचे बघा. कोकणात रानडुकरे-माकडांपासून पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचे शेती संरक्षण परवाने आहेत. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. का? मतपेटीजवळ बंदूक नको, हे राज्यालाही कळते. मग हा विवेक अत्याचाराच्या गावी का आठवत नाही, हा प्रश्न आपण विचारायचा आहे.

तर मग करायचे काय?

त्या बैठकीतल्या सहकाऱ्याला आम्ही शेवटी एवढेच सांगितले. तू ज्या पुढाऱ्याचा व्हिडिओ दाखवलास त्याच्या 'खऱ्या नागरिका'त, 'आमच्या माणसा'त आणि 'आमच्या बंदुकी'त तू कुठेच नाहीस. तिथे नाहीस, आणि त्याच्या इथल्या भाऊबंदांच्या यादीतही नाहीस. तू त्यात आहेस असे तुला वाटते, कारण अजून तुझ्या नावाची नोटीस आलेली नाही.

म्हणून कामे तीन. मतदार यादीचा मसुदा निघाला की वाडीच्या विहारात बसून ती मोठ्याने वाचा. मुंबईला गेलेल्या चाकरमान्याचे, लग्न होऊन आलेल्या सुनेचे, एकट्या म्हातारीचे नाव आहे का बघा. कुणी ७ नंबरचा अर्ज टाकून नाव उडवायला निघाले असेल तर हरकत घ्या. दुसरे, घुसखोर म्हणून कुणाला उचलले तर त्याची जात-धर्म विचारण्याआधी नोटीस दिली का, सुनावणी झाली का, हे विचारा. तिसरे, जिल्हा दक्षता समितीच्या बैठकीत नियम ३ ची अंमलबजावणी लेखी मागा.

खोताच्या वहीत आपले नाव नव्हते. ते नाव मतदार यादीत आले ते फुकट आले नाही, चिपळूणच्या परिषदेतून आणि कौन्सिल हॉलवरच्या मोर्चातून आले. ते पुसायला निघालेल्या हातात पेन असो की बंदूक, तो हात आपण ओळखला पाहिजे. आणि कुणा दुसऱ्याचे नाव पुसायला तो हात आपल्याच खांद्याचा आधार मागू लागला, तर खांदा काढून घेतला पाहिजे.

जय भीम!